आधी ओहोटी, मग एसटी

मैत्रिणींनो, संकष्टीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला चालत जायचं ठरवलंत? मग एसटीच्या आधी समुद्राची वेळ पाहा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे 4, पाऊणपट 3. दुपारी 3 च्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या सहा तास आधी, सकाळी 9 च्या सुमारास, पूर्ण ओहोटी. आम्ही 8 वाजता वाळूत उतरतो आणि 10 च्या आत परततो. तेवढ्यात दर्शन होतं, गोड्या पाण्याची विहीरही बघून होते. हा हिशोब अंदाजाचा, म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारतोच. उशीर झाला, पाणी चढलं, तर मुलांना घेऊन पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा. घरी स्वयंपाकाला उशीर झाला तरी चालेल.