फुलदाणीतील पाणी आणि आपले आरोग्य
वृद्धांच्या खोलीत निशिगंधाचे चार दांडे असले, तरी मन प्रसन्न होते. ते अधिक दिवस टवटवीत राहावेत यासाठी आपण एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर व दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालावा. साखरेने फुलांचे पोषण होते. आम्लतेमुळे जंतूंची वाढ मंदावते. देठ तिरके कापावेत, पाण्यात बुडणारी पाने काढावीत.

मात्र पाणी एक दिवसाआड बदलावेच. साखर जंतूंनाही पोसते. शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी अशाच साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. ती चिकटून राहतात, म्हणून फुलदाणी आतून घासावी. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या खोलीत ताजी फुले ठेवण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.