महिन्याला एक इंजेक्शन अन् नशा बंद? आधी हे समजून घ्या

दर्यापूर : घरातलं पोरगं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या किंवा दुखण्याच्या कॅप्सूलच्या नादी लागलं की घरचे डॉक्टरांना एकच म्हणतात, "साहेब, एखादं इंजेक्शन देऊन टाका ना!" असं इंजेक्शन खरंच आहे. पण त्याचे नियम कडक आहेत.

नशा कोणती?
अफू, ब्राऊन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल हे सगळे एकाच कुळातले. डॉक्टर त्यांना ओपिऑइड म्हणतात. सवय लागल्यावर बंद केलं की अंग मोडून येतं, जुलाब लागतात, नाक-डोळे गळतात, झोप उडते. म्हणून नुसतं "मनावर घे" म्हणून भागत नाही. हा आजार आहे. गांजासाठी मात्र हे इंजेक्शन नाही.

इंजेक्शन दोन प्रकारचं
* नॅलट्रेक्सोन : महिन्यातून एकदा कुल्ह्यात. नशा केली तरी चढत नाही. पण आधी किमान 7 ते 10 दिवस नशा पूर्ण बंद हवी. नसेल तर बंद केल्याचा सगळा त्रास एकदम उसळतो, पेशंटला भरती करावं लागू शकतं.
* ब्युप्रेनॉर्फिन : आठवड्याला किंवा महिन्याला, कातडीखाली. औषध हळूहळू सुटत राहतं, तलफ अन् त्रास दाबून ठेवतं.

अमेरिकेत या आजारासाठी नॅलट्रेक्सोनचं इंजेक्शन 2010 मध्ये, तर ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्याचं इंजेक्शन 2017 मध्ये मंजूर झालं. आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत मुख्य उपचार ब्युप्रेनॉर्फिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळीचा आहे. तोही चांगला गुण देतो.

मग फायदा काय?
गोळी घ्यायची म्हणजे महिन्यात 30 वेळा मन घट्ट करायचं. इंजेक्शनला एकदाच. पेरणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्याही वाचतात.

सगळ्यात मोठा धोका
उपचारात शरीराची जुनी सवय मोडते. इंजेक्शनची तारीख चुकली अन् पोरानं पहिल्याएवढीच नशा केली, तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. श्वास मंद, ओठ निळे, बुबुळ टाचणीएवढं दिसलं अन् हलवूनही माणूस उठत नसेल, तर लगेच 108 ला फोन करा.

चोरून देऊ नका
"पेशंटला न सांगता व्यसन सोडवा" अशा जाहिरातींना भुलू नका. पोटात नशा असताना चुकीचं औषध गेलं तर जिवावर बेततं. इंजेक्शनआधी तपासणी अन् पेशंटचा होकार लागतो. नंतर समुपदेशन अन् घरच्यांची साथही लागते.

कुठं जायचं?
आधी दर्यापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, तिथून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे जाता येतं. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 मोफत आहे. पोराला शिव्या देण्याआधी हा एक फोन लावून पाहा.