रात्रीचे पाणी आणि मुलांचा अभ्यास



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या घरांचे घड्याळ बदलते. सारंगखेड्याच्या आसपास, तापीकाठच्या गावांत, शेतीची वीज रात्रपाळीत आली की घरधनी बॅटरी घेऊन उसाला पाणी भरायला निघतो. तोड आलेली असेल तर ट्रॉली भरून निघेपर्यंत मध्यरात्र होते. घरात दिवा चालू, चहा चालू, आणि पोरगंही जागंच. हल्ली त्याच्या हातात मोबाइल असतो, म्हणून ते रडत नाही इतकेच. दुसऱ्या दिवशी ते वर्गात पेंगतं आणि आपण म्हणतो, "याचं डोकंच चालत नाही."

डोके चालते, पण झोप झालेली नसते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेले मनात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. संध्याकाळी घोकलेले पाढे सकाळी आठवले नाहीत तर मास्तरांना बोल लावण्याआधी पोर किती वाजता झोपले ते पाहावे. झोपेचा विचार करूनच राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. शाळेची वेळ शासन बदलू शकते, घरातला दिवा मालवायला मात्र कोणी अधिकारी येणार नाही. पाणी भरायला एक जण जातो. बाकीच्यांनी जागायचे काय कारण?

दुसरी गोष्ट न्याहारीची. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने अंगाच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलो तरी अंगातली सुमारे वीस टक्के ऊर्जा तोच खातो. लहान वयात हा वाटा दुपटीहून जास्त असतो. अशा पोराला आपण चहा-टोस्टवर शाळेत धाडतो, कारण दुपारी तिथे खिचडी मिळते! दुपारपर्यंतचे गणित मग रिकाम्या पोटी. शिवाय जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही आणि लोह कमी पडले की मूल मंद, चिडके दिसते. घरात कळण्याची भाकर असते, शेंगदाण्याची चटणी असते, गूळ तर आपलाच. सकाळी अर्धी भाकर खाऊन गेलेले पोर वेगळे दिसते, हे आमच्या घरातही आम्हाला उशिराच कळले.

आणि बोलणे. दत्ताच्या यात्रेत पोराला घोडेबाजार दाखवायला नेतो. व्यापारी घोड्याचे तोंड उघडतो तेव्हा पोर विचारते, "दात का बघता?" आपण म्हणतो, "गप बस." दातांवरून वय ओळखतात, एवढे सांगितले की त्याचे पुढचे दहा प्रश्न तयार होतात. काट्याची पावतीही अशीच. भरलेली गाडी २१ टन ४०० किलो, रिकामी ६ टन १५० किलो, तर ऊस किती? हे पोराला करू द्यावे. चुकले तर पुन्हा करेल.

हे सगळे आपल्या घरचे झाले. आपल्याच शेतात तोडणीवाल्यांची मुले असतात, त्यांचे काय? आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे तोडीसाठी गुजरातेतही जातात. आईबाप पहाटे उठून फडात जातात आणि सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते. तिची ना झोप पुरी होते, ना वेळेवर खाणे, आणि शाळा तर हंगामभर सुटलेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. हे आपल्यापैकी किती जणांनी मुकादमाला सांगितले आहे? आम्हीही सांगितले नव्हते.

गेल्या हंगामात फडात अशा एका मुलीला आम्ही सहज विचारले, ट्रॉलीत मोळ्या किती गेल्या? तिने भावाला कडेवर सावरत आकडा सांगितला. आमच्या मोजणीत दोन मोळ्या कमी होत्या. पुन्हा मोजल्या, तर तिचेच बरोबर. गंमत म्हणून जुनी पावती तिच्या हातात दिली. तिने ती उलटी धरली.