सप्तपदी आणि शपथपत्र

इंदूरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, खान नदीच्या काठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. होळ गावच्या मल्हाररावांनी माळव्यात जो मराठी संसार थाटला त्याची ही स्मारके होत. मराठी माणसाचे देशांतर ही काही आजची गोष्ट नव्हे, याची साक्ष ती देतात. दख्खनेतील किती मुली या माळव्यात सुना म्हणून गेल्या याची गणती कोणी ठेवली नाही. त्यांना वाटेत नद्या ओलांडाव्या लागल्या, घाट चढावे लागले. परंतु नवऱ्याच्या घरी राहण्याचा परवाना मात्र कोणाकडे मागावा लागला नाही. आज त्याच कृष्णपुऱ्यातील किंवा आमच्या गोमंतकातील मुलगी टोरोंटोला, न्यू जर्सीला किंवा लंडनला सासरी निघते, तेव्हा उंबरठ्यावरचे माप ओलांडण्यापूर्वी तिला एका परक्या सरकारची खात्री पटवून द्यावी लागते की, आपले लग्न खरे आहे. पतीने पत्नीसाठी किंवा पत्नीने पतीसाठी करावयाच्या या ‘स्पॉन्सरशिप’च्या अर्जाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. विषय दिसावयास घरगुती आहे, पण त्यावर अनेक संसारांचे भवितव्य लोंबकळत असते.

विवाह आणि नागरिकत्व यांची ही गाठ किती जुनी आहे हे इंदूरच्याच इतिहासात पाहावयास मिळते. १९२६ साली गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांनी १९२८ च्या मार्चमध्ये बडवाह येथे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. तत्पूर्वी नाशिकला तिने हिंदू धर्माची दीक्षा घेतली आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. आपल्याकडे तेव्हा सारी चर्चा झाली ती धर्मांतराची. परंतु सातासमुद्रापलीकडचा कायदा वेगळाच हिशोब मांडून बसला होता. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला होता. आणि १९२२ च्या केबल कायद्यान्वये अशा अपात्र परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावीत असे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांच्यावर हा प्रसंग प्रत्यक्ष ओढवला. ती तरतूद १९३१ साली गेली. हिंदी लोकांना अमेरिकेचे दार किलकिले झाले ते १९४६ साली, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. आणि कुटुंबांनी एकत्र यावे हे तत्त्व पायाशी ठेवणारा कायदा झाला तो १९६५ साली. आज जो अर्ज कंटाळवाणा वाटतो, तो भरण्याचा अधिकार एवढ्या खस्तांनंतर मिळालेला आहे, हे विसरता कामा नये.

ब्रिटनची कथा याहून लाजिरवाणी आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित पतीशी विवाह करण्यासाठी उतरली असता, तिच्या कौमार्याची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांनी ते उघडकीस आणल्यावर गहजब झाला आणि ती प्रथा बंद करावी लागली. पुढे कित्येक वर्षे त्याच देशात असा नियम होता की, विवाहाचा मूळ हेतू देशांतर हा नव्हता हे अर्जदाराने सिद्ध करावे. जे नाही ते नाही म्हणून सिद्ध कसे करायचे? या नियमापायी आपल्या उपखंडातील अनेक तरुण वर्षानुवर्षे ताटकळले. १९९७ साली तो नियम रद्द झाला.

त्या काळचा उघड अपमान आज उरलेला नाही. संशय मात्र उरला आहे, आणि तो कागदांवरून डोकावतो. अधिकाऱ्यासमोर मुलगी येण्याच्या कितीतरी आधी तिचे कागद येतात. म्हणूनच या कागदांची सिद्धता हे कारकुनी काम न मानता ते गांभीर्याने करावे, असे आमचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न नावाचा. मराठी घराइतका नावाचा घोळ अन्यत्र क्वचितच असेल. मुलीच्या नावामागे आधी वडिलांचे नाव, मग पतीचे, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून जन्माचे नावही बदलले जाते. हा सोहळा गोड आहे, पण त्या तांदळाचा दाखला वकिलात मानीत नाही. त्यात प्रांताप्रांतांतील उच्चारांची भर. कृष्णपुऱ्यातील एखाद्या मराठी घरची प्रज्ञा घ्या. इंदूरच्या शाळेत तिचे नाव इंग्रजीत हिंदी उच्चाराप्रमाणे ‘प्रग्या’ असे लिहिले जाणार. तिचे लग्न फोंड्याच्या मुलाशी झाले तर येथील दप्तरी ती मराठी वळणाने ‘प्रद्न्या’ होणार. ऋजुता, ज्ञानेश्वर, कृष्णा या साऱ्यांची हीच गत. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही. परंतु इंग्रजी अक्षरे जुळविणाऱ्या परदेशी कारकुनास या दोन निराळ्या स्त्रिया दिसतात. तेव्हा लग्नाच्या नोंदणीपूर्वीच पासपोर्टवरील नाव प्रमाण धरून पुढचे सारे कागद त्याबरहुकूम करून घ्यावेत. जेथे जुना फरक राहिलाच असेल तेथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावे. कोणी विचारण्याची वाट पाहू नये. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची कोणतीही सक्ती नाही, हेही या निमित्ताने सासरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. येथे आम्हां गोमंतकीयांची बाजू वरचढ आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे निबंधकापुढे सही केल्यावाचून लग्न कायदेशीर होत नाही, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. अन्य राज्यांत मात्र अक्षता पडल्या की लग्न झाले, अशीच समजूत दीर्घकाळ होती. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००६ साली, आणि मध्य प्रदेशाने त्यासाठी नियम केले ते २००८ साली. पण गोमंतकीयांची एक अडचण निराळीच आहे. आमच्याकडे नोंदणीची तारीख एक आणि मंगलाष्टकांची दुसरी, कधीकधी त्यांत महिन्यांचे अंतर. अर्जात एक तारीख आणि लग्नपत्रिकेवर दुसरी दिसली की शंका उत्पन्न होते. दोन्ही तारखा स्पष्ट लिहून त्यामागची रीत चार ओळींत समजावून सांगितली, तर ही शंका जागच्या जागी मिटते. हिंदी, मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतरही रीतसर भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. घरच्या माणसाने केलेले भाषांतर कॅनडाचे सरकार स्वीकारीत नाही. नवरा तिकडे पडद्यावर आणि नवरी इकडे बोहल्यावर, अशा विवाहासही तो देश २०१५ पासून या कामी मान्यता देत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. लग्न खरे आहे हे दाखवायचे कसे? पाश्चात्त्य अधिकाऱ्याच्या मनात प्रथम ओळख, मग सहवास, मग विवाह असा क्रम असतो. आपल्याकडे मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, पत्रिका जुळते, दोन्ही घरची माणसे बैठकीत बसतात आणि लग्न लागते. यात खोटे काहीच नाही. पण ते न सांगता परक्याला कळणारही नाही. काही मंडळी मग दलालाच्या सल्ल्याने नसलेल्या भेटी रचतात, पोशाख बदलून एकाच दिवसात निरनिराळ्या प्रसंगांची छायाचित्रे काढतात. हा आत्मघात होय. खोट्या निवेदनाबद्दल कॅनडात पाच वर्षे दार बंद होते, तर अमेरिकेत ते कायमचे बंद होऊ शकते. ठरवून झालेले लग्न ठरवून झाले असेच सांगावे. स्थळ कोणी सुचविले, पहिली भेट कोठे झाली, साखरपुड्यास कोण होते, लग्नानंतर दोघे किती दिवस एकत्र राहिली, पुढे बोलणे कसे चालू आहे, हे तारीखवार मांडावे. लग्नपत्रिका, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसह काढलेली छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे, दूरध्वनीच्या नोंदी, एकमेकांस पाठविलेले पैसे आणि बँकेचे उतारे जोडावेत. पूर्वीचे लग्न मोडले असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा दडवू नये. दोघांनी निरनिराळ्या खोल्यांत बसून उत्तरे दिली तरी ती जुळावीत. आणि ती पाठांतराने जुळवावी लागत नाहीत, खरी असली की आपोआप जुळतात.

चौथा प्रश्न पैशाचा. अमेरिकेत ‘आय-१३०’ हा नात्याचा अर्ज मंजूर झाल्यावर स्पॉन्सरला ‘आय-८६४’ हे पोषणाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचे उत्पन्न तेथील सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असावे लागते. कमी पडल्यास दुसरा जामीनदार चालतो. ही हमी केवळ उपचार नव्हे. घटस्फोट झाला तरीही ती संपत नाही, हे किती सुनांना ठाऊक आहे? कॅनडात पत्नीसाठी बहुधा किमान उत्पन्नाची अट नसते, पण तीन वर्षे तिच्या गरजा भागविण्याचे वचन लिहून द्यावे लागते. ब्रिटनने मात्र ही मर्यादा २०२४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे की केवळ ग्रीन कार्डधारक, हेही आधी विचारावे. नागरिकाच्या पत्नीस वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीस रांगेत उभे राहावे लागते. पत्रिकेतील मंगळ पाहणाऱ्या आईबापांनी हा एक प्रश्न विचारण्यास संकोच करावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

आता या साऱ्यामागच्या मूळ मुद्द्याकडे वळू. हा अर्ज करणारा पती असतो, तो मागे घेण्याची मुभाही त्यालाच असते. इकडे नवी सून सासू-सासऱ्यांच्या घरी पत्राची वाट पाहत राहते. काहींच्या बाबतीत ते पत्र कधीच येत नाही; चौकशी केल्यावर कळते की अर्ज केलेलाच नव्हता. ‘कागद चालू आहेत’ या तीन शब्दांवर किती तरुण वर्षे वाया गेली असतील! तिकडे पोहोचलेल्या स्त्रीचीही सुटका लगेच होत नाही. लग्नास दोन वर्षे झालेली नसतील तर अमेरिका प्रथम दोन वर्षांचाच सशर्त निवास देते, आणि पुढचा अर्ज सामान्यतः दोघांनी मिळून करावयाचा असतो. नवऱ्याच्या हाती ही दोरी असल्याने मारहाण मुकाट्याने सोसली जाते. तथापि अशा स्त्रीस पतीच्या सहीवाचून स्वतंत्र अर्ज करण्याची सोय अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने केली आहे, आणि कॅनडाने २०१२ साली आणलेली सशर्त निवासाची पद्धत २०१७ साली रद्द केली आहे. ही माहिती मुलीला विमानात बसण्यापूर्वी असली पाहिजे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा अर्ज दोघांनी मिळून तयार करावा. नवरा परत जाण्यापूर्वी लग्नाची नोंदणी व्हावी. अर्जाची प्रत, पावतीचा क्रमांक आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल पत्नीच्या स्वतःच्या ताब्यात असावी. तिचा पासपोर्ट आणि शाळा-महाविद्यालयाचे दाखले सासऱ्यांच्या कपाटात नव्हे, तिच्या पेटीत असावेत. ज्या नवऱ्याचा हेतू शुद्ध आहे त्यास यात अविश्वास वाटण्याचे कारण नाही.

सरकारनेही आपले काम उरकावे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ साली राज्यसभेत मांडले गेले. २०२४ साली विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायद्याची शिफारस केली. शिफारशी फडताळात ठेवण्यासाठी नसतात. तोवर निबंधक कचेऱ्यांनी दाखला देताना नावाची इंग्रजी अक्षरे पासपोर्टशी पडताळून पाहिली, तरी कितीतरी हेलपाटे वाचतील. त्यास नव्या कायद्याची गरज नाही. इंदूरपासून पणजीपर्यंत गणेशोत्सव आणि नाट्यमहोत्सव हौसेने पार पाडणाऱ्या आमच्या मराठी संस्थांनी वर्षातून चार वेळा एखादा जाणकार वकील बोलावून अशा मुलींना व त्यांच्या पालकांना मार्गदर्शन करावे. शे-दीडशे खुर्च्यांचे सभागृह आणि एक संध्याकाळ, एवढाच काय तो खर्च.

अग्नीभोवती चाललेली सात पावले दोघांनी बरोबरीने टाकलेली असतात. त्यानंतरचे हे कागदी पाऊल मात्र एकट्या नवऱ्याने टाकावे आणि बायकोने मागे उभे राहून पाहावे, ही रीत आता मोडली पाहिजे. मुलीच्या लग्नात दागिन्यांची यादी दहा वेळा तपासणाऱ्या घरांनी तिच्या कागदांची यादी निदान एकदा तपासावी. दागिने अडचणीत विकावे लागतील; हे कागद मात्र परक्या मुलखात तिला स्वतःच्या हक्काने उभे करतील.