लहरींचा बाजार – भाग 7 : विकलेल्या केंद्राचं नाव

न्यूयॉर्कमध्ये 7 ऑक्टोबर 1988 च्या संध्याकाळी 660 किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूएनबीसी हे जुनं केंद्र बंद झालं आणि त्याच जागी डब्ल्यूएफएएन ऐकू येऊ लागलं. ब्राँक्सजवळच्या हाय आयलंडवरचा मनोरा तोच, फ्रिक्वेन्सी तीच. बदललं होतं ते नाव, मालक आणि कार्यक्रम. गाणी, गप्पा, टवाळकी यांच्या जागी मुख्यतः खेळ आला. शेवटची तीन अक्षरं सलग वाचली की ‘फॅन’, म्हणजे खेळाचा चाहता.

पण डब्ल्यूएफएएन त्या दिवशी जन्माला आलं नव्हतं. ते 1 जुलै 1987 पासून न्यूयॉर्कमध्येच, 1050 किलोहर्ट्झवर चालू होतं. मालक एमिस ही कंपनी. त्याआधीच जनरल इलेक्ट्रिकने आरसीए विकत घेतली होती, तिच्यासोबत एनबीसी ही प्रसारण कंपनी हाती आली, आणि एनबीसीची रेडिओ केंद्रं विक्रीला निघाली. 660 चा आवाज रात्री निम्म्या देशात पोचत असे. एमिसने ते घेतलं आणि आपलं नाव उचलून तिथे नेलं. ‘एनबीसी’ ही अक्षरं असलेलं नाव एमिसच्या कामाचं नव्हतंच. विकणाऱ्याचं टीव्ही केंद्र शहरात चालूच होतं, त्यामुळे ती अक्षरं त्याच्याकडेच राहिली.

मागच्या भागात परवाना आणि फ्रिक्वेन्सी यांचं नातं पाहिलं. कॉल साइनचा, म्हणजे केंद्राच्या अधिकृत अक्षरी नावाचा, हिशेब त्याहून निराळा आहे. शेताचा व्यवहार झाला की सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदलतं, गट नंबर हलत नाही. रेडिओत फ्रिक्वेन्सी हा तसा गट नंबर. कॉल साइन मात्र परवान्याला जोडलेली असूनही सुटी होऊ शकते. ती विकत घेणाऱ्याबरोबर राहते, विकणाऱ्याबरोबर जाते, दुसऱ्या शहरात उगवते, किंवा कोणी सोडून दिली तर तिसराच उचलतो.

प्रत्यक्ष कामकाज कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. विकणारा आणि घेणारा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे परवाना हस्तांतराचा अर्ज करतात. अर्ज जाहीर होतो, हरकतींसाठी तीस दिवस मिळतात, मग मंजुरी आणि मग व्यवहार पुरा. एवढं होऊनही नाव आपोआप बदलत नाही. नव्या मालकाने काहीच केलं नाही तर जुनं नाव तसंच चालू राहतं. बदलायचं असेल तर वेगळी मागणी करायची, ती आता ऑनलाइन होते. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिलं अक्षर डब्ल्यू, पश्चिमेला के. जुन्या अपवादांना हात लावलेला नाही, म्हणून पूर्वेकडच्या पिट्सबर्गमध्ये 1920 पासूनचं केडीकेए आजही के बाळगून आहे. मागितलेलं नाव दुसऱ्या कोणाकडे नसावं. एफएम किंवा टीव्ही अशी शेपटी लावून तेच नाव हवं असेल, तर मूळ धारकाची लेखी संमती आणावी लागते. बाकी पहिला येईल त्याला मिळेल.

त्या 1050 चं काय झालं, हे मला जास्त मनोरंजक वाटतं. तिथे पूर्वी डब्ल्यूएचएन होतं. मालक लोज ही चित्रपटगृहांची कंपनी, म्हणजे एमजीएम स्टुडिओचीच मालक. 1948 मध्ये तिने केंद्राचं नाव डब्ल्यूएमजीएम करून टाकलं. सिनेमाची फुकट जाहिरात दर तासाला. 1962 मध्ये स्टोरर कंपनीने ते घेतलं आणि जुनं डब्ल्यूएचएन परत आणलं. चौदा वर्षांनीही लोकांना ते नाव आठवत असणार, असा त्यामागे हिशेब असावा. नंतर एमिस आणि डब्ल्यूएफएएन. 1988 च्या त्या संध्याकाळी एमिसला ही जागा सोडावीच लागली, कारण तेव्हाच्या नियमानुसार एका शहरात एकाच मालकाची दोन एएम केंद्रं चालत नसत. मग तिथे काही काळ स्पॅनिश केंद्र आलं, आणि त्यानंतर डब्ल्यूईव्हीडी.

यातली ईव्हीडी ही अक्षरं युजीन व्हिक्टर डेब्स या अमेरिकन समाजवादी नेत्याची. डेब्स 1926 मध्ये वारले, पुढच्याच वर्षी समाजवाद्यांनी त्यांच्या स्मरणार्थ हे केंद्र सुरू केलं. पुढे ते ‘फॉरवर्ड’ या यिद्दिश वृत्तपत्राच्या संस्थेकडे आलं आणि दशकानुदशकं चाललं. 2001 मध्ये 1050 च्या लहरींवर ईएसपीएनचं क्रीडा प्रसारण सुरू झालं, 2003 मध्ये एबीसीने केंद्र विकतच घेतलं आणि नाव झालं डब्ल्यूईपीएन. संपकऱ्यांच्या पुढाऱ्याचं नाव गेलं आणि डिस्नीच्या क्रीडा वाहिनीचं आलं. यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

सगळ्यात गमतीची अदलाबदल मात्र त्याआधीची. सीबीएस या प्रसारण कंपनीने 1920 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधलं जे केंद्र घेतलं, त्याचं नाव डब्ल्यूएबीसी. त्यातलं एबीसी म्हणजे अटलांटिक ब्रॉडकास्टिंग कंपनी, जुने मालक. नाव ठेवून दिलं, कोणाची अडचण नव्हती. 1943 मध्ये एनबीसीला आपलं एक जाळं विकावं लागलं. ते लाइफ सेव्हर्स गोळ्या बनवणाऱ्या एडवर्ड नोबल यांनी 80 लाख डॉलरला घेतलं आणि त्याला अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनी हे नाव दिलं. आता सीबीएसचं मुख्य केंद्र दर तासाला प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा पुकारा करू लागलं! सीबीएसला आपली अक्षरं हवी होती, पण डब्ल्यूसीबीएस हे नाव इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या एका छोट्या केंद्राकडे होतं. ते मोकळं झाल्यावर 2 नोव्हेंबर 1946 पासून न्यूयॉर्कचं केंद्र डब्ल्यूसीबीएस झालं. एबीसीने आपल्या न्यूयॉर्कच्या केंद्राला डब्ल्यूएबीसी हे नाव 1953 मध्ये दिलं. तोवर त्या केंद्राचं नाव होतं डब्ल्यूजेझेड, वेस्टिंगहाउस कंपनीने 1921 मध्ये नेवार्कला सुरू केलेलं. वेस्टिंगहाउसने 1957 मध्ये बाल्टिमोरमध्ये टीव्ही केंद्र घेतलं, तेव्हा आपलं हे जुनं नाव मागून घेऊन त्याला दिलं. तीन अक्षरी नावं एरवी आता कोणाला मिळत नाहीत, म्हणून त्यांचा मान मोठा.

अशी नावं हातची जाऊ नयेत म्हणून कंपन्या एक युक्ती करतात. मोठ्या शहरातल्या केंद्राचं नाव बदललं, की जुनं नाव आपल्याच मालकीच्या एखाद्या आडगावच्या लहान केंद्राला लावून ठेवायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ते उचलता येत नाही. त्या गावच्या श्रोत्यांना आपल्या केंद्राला अचानक हे नाव का आलं, याचा पत्ताही नसतो. एकमेकांशी मिळत्याजुळत्या नावांवरून भांडणंही होतात. पण कमिशनने या हरकती ऐकणं कधीच सोडून दिलं. नियमातच लिहिलंय, तुमचा हक्क असेल तर तो खासगी कायद्याखाली दुसऱ्या मंचावर मांडा. म्हणजे कोर्टात जा.

प्रत्येक व्यवहारानंतर नाव जातंच असंही नाही. शिकागोचं डब्ल्यूएलएस 1924 मध्ये सीअर्स, रोबक या दुकानाने सुरू केलं. अक्षरं ‘जगातलं सर्वांत मोठं दुकान’ या इंग्रजी बिरुदाची. 1928 मध्ये ते ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकरी साप्ताहिकाला विकलं गेलं. साप्ताहिकाकडे दुकान नव्हतं, तरी नाव ठेवलं, कारण श्रोत्यांच्या तोंडी ते बसलं होतं. आजही ते नाव आहे.

अलीकडचं उदाहरण जरा विचित्र आहे. एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन ही ख्रिस्ती संगीताचं ‘के-लव्ह’ चालवणारी संस्था ठिकठिकाणची केंद्रं विकत घेत असते. 2018 मध्ये तिने शिकागोचं रॉक केंद्र डब्ल्यूएलयूपी घेतलं आणि नाव डब्ल्यूसीकेएल करून टाकलं. पुढच्या वर्षी क्युम्युलस कंपनीकडून 10 कोटी 35 लाख डॉलरला सहा केंद्रं घेतली, त्यात न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे होतं. 31 मे 2019 च्या संध्याकाळी त्याचा जुना कार्यक्रम संपला आणि त्या लहरींवर के-लव्ह आलं. तरी नाव डब्ल्यूपीएलजेच ठेवलं. ही अक्षरं 1971 मध्ये व्हाइट पोर्ट वाइन आणि लिंबाच्या रसाच्या मिश्रणावरच्या एका गाण्यावरून घेतलेली.

या नावांचा खरा उपयोग तासाला एकदा होतो. तास भरत आला की कॉल साइन आणि तिच्या लगोलग परवान्यातलं गाव, एवढं सांगणं प्रत्येक केंद्राला बंधनकारक आहे. मधली साठेक मिनिटं तुम्ही स्वतःला काहीही म्हणा. ‘झी-100’ ऐकणाऱ्या न्यूयॉर्ककराला डब्ल्यूएचटीझेड आणि नेवार्क हे शब्द तेवढेच क्षणभर ऐकू येतात. आपल्याकडेही 1927 मध्ये मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं तेव्हा त्यालाही कॉल साइन होती. पण आजच्या खासगी एफएमचा श्रोता केंद्र ओळखतो ते ब्रँडच्या नावाने, आणि ब्रँड ही कंपनीची मालमत्ता. तो विकला, भाड्याने दिला किंवा मोडीत काढला, तर व्यवहार कसा होतो ते पुढच्या भागात.