आपला नेम सर्व्हर (भाग ७) : शेवटचा डॉट

रिव्हर्स झोन या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या रविवारी. लातूरच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न निकालात काढल्याशिवाय रिव्हर्सला हात घालण्यात अर्थ नाही. तिथे हाच घोळ आणखी विचित्र रूपात भेटतो.

बाईंनी लॅबमध्ये बाइंड हा नेम सर्व्हर चढवला. झोनचं नाव आपल्या मालिकेतलंच ठेवलं, लॅब.इंटर्नल. 'सर्व्हर१'ला पिंग व्यवस्थित जातं. मग ग्रंथालयाच्या कॅटलॉगसाठी त्यांनी एक सीनेम रेकॉर्ड टाकला: डावीकडे 'लायब्ररी', उजवीकडे 'सर्व्हर१.लॅब.इंटर्नल'. सीरियल वाढवला, रीलोड केलं, नेम्ड-चेकझोनही 'ओके' म्हणाला. पण ब्राउझरला 'लायब्ररी' काही सापडेना. त्यांनी डिगचं उत्तर जसंच्या तसं पत्रात उतरवून पाठवलं, त्याबद्दल त्यांचे आभार, कारण सगळा खुलासा त्यातच आहे. वर स्टेटस एनएक्सडोमेन, म्हणजे असं नावच नाही. आणि खाली उत्तराच्या ओळीत लायब्ररीचं खरं नाव म्हणून दिलंय: सर्व्हर१.लॅब.इंटर्नल.लॅब.इंटर्नल.

शेपूट दोनदा लागलंय. उजवीकडच्या नावानंतर डॉट दिला नाही, एवढंच कारण.

झोन फाइलमध्ये ज्या नावाच्या शेवटी डॉट नाही ते अर्धं नाव, असा नियम आहे. बाइंड ते स्वतः पूर्ण करतो, म्हणजे त्याला ओरिजिन चिकटवतो. ओरिजिन म्हणजे सहसा झोनचंच नाव. डॉट असेल तर नाव पुरं झालं, हात लावू नका. पुण्यात रिक्षावाल्याला आपण नुसतं 'टिळक रोड' सांगतो, पुढे पुणे, महाराष्ट्र लावत बसत नाही. ते त्याला कळतं. फरक असा की 'टिळक रोड, पुणे' म्हटल्यावर रिक्षावाला 'टिळक रोड, पुणे, पुणे' असं ऐकत नाही. बाइंड अगदी तसंच ऐकतो.

बरं, हा डॉट म्हणजे वाक्याच्या शेवटी देतो तसला पूर्णविराम नाही. तो रूट आहे, झाडाचं मूळ. नेटवर्कवरून पॅकेट जातं तेव्हा त्यात डॉट नसतातच मुळी. 'मेल.लॅब.इंटर्नल' हे नाव तारेवरून कसं जातं ते इंग्रजी अक्षरं मोजून बघा. आधी ४ हा आकडा, मग मेलची चार अक्षरं. मग ३ आणि लॅबची तीन. मग ८ आणि इंटर्नलची आठ. आणि शेवटी शून्य. एकूण १९ बाइट. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी येते, ती ६३च्या वर जाऊ शकत नाही. शेवटचं शून्य म्हणजे लांबी नसलेला तुकडा, म्हणजेच रूट. आपण फाइलमध्ये जो शेवटचा डॉट टंकतो तो या शून्यापाशी येऊन थांबल्याची खूण. डीएनएसच्या पॅकेटमध्ये अर्धं नाव पाठवायची सोयच नाही. अर्धवटपणा फक्त आपल्या फाइलीत आणि आपल्या की-बोर्डावर.

मग ही सवलत ठेवली कशाला? १९८७च्या ज्या दस्तऐवजात पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आजची रचना पक्की केली, त्यातच झोन फाइलचं हे व्याकरण आहे. टंकायचे श्रम वाचतात हा उघड फायदा. पण मला आवडणारा फायदा वेगळा आहे. फाइलीत सगळी नावं अर्धी ठेवली, झोनचं नाव कुठेच लिहिलं नाही, तर तीच एक फाइल दहा वेगवेगळ्या डोमेनांना लावता येते. प्रत्येक वेळी बाइंड त्या त्या झोनचं शेपूट लावून घेतो. डॅनियल बर्नस्टीन यांच्या टायनीडीएनएसमध्ये उलटा कारभार: रेकॉर्डमध्ये नाव पूर्णच लिहायचं, डॉटची भानगड नाही. फाइल लांबलचक होते, पण लायब्ररीसारखी फजिती होत नाही. दोन्ही वापरून झाल्यावरही मी बाइंडच्या बाजूचा आहे. नव्या माणसाला मात्र बर्नस्टीनचं म्हणणं लवकर पटतं.

फजिती फक्त नवख्यांची होते असं समजू नका. १२ ऑक्टोबर २००९च्या रात्री स्वीडनचं अख्खं .एसई डोमेन झोपलं. नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं; झोन फाइल तयार करणाऱ्या स्क्रिप्टमधून शेवटचा डॉट गळला. झोनचं नाव एसई, तेव्हा तिथल्या नावांना आणखी एक .एसई चिकटलं. नऊ लाखांवर डोमेनं, आणि त्यांचे नेम सर्व्हर कुठे आहेत ते जगाला कळेना. दुरुस्त फाइल तासाभरात चढलीसुद्धा. पण तोवर चुकीची उत्तरं जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या कॅशमध्ये जाऊन बसली होती. ती मुदत संपेपर्यंत किंवा कुणी कॅश झाडेपर्यंत तिथेच राहिली. या मुदतीवर, म्हणजे टीटीएलवर, आपण दोन आठवडे का घालवले, ते आता कळलं असेल.

आता कुठे जपायचं ते सांगतो. ए रेकॉर्डच्या उजवीकडे आयपी पत्ता असतो, तिथे शेवटी डॉट द्यायचा नाही. दिलात तर बाइंड लगेच ओरडतो. धोका उजवीकडे नाव असलेल्या रेकॉर्डांचा: एनएस, एमएक्स, सीनेम, पीटीआर आणि एसओएमधली दोन्ही नावं. एनएसमध्ये डॉट विसरलात तर ते दुपदरी नाव आपल्याच झोनमध्ये पडतं, त्याला पत्ता नसतो, आणि बाइंड झोन चढवायलाच नकार देतो. हे बरंच आहे. एमएक्सला तो कुरकुरतो, पण चढवतो. सीनेम आणि पीटीआरला मात्र चकार शब्द काढत नाही. बाईंना 'ओके' मिळालं ते याचमुळे. माझा स्वतःचा दंडक असा: नावात एकही डॉट आला की शेवटचा डॉटही आलाच पाहिजे. नाहीतर नुसतं 'सर्व्हर१' लिहून मोकळं व्हावं.

गंमत अशी की नेम्ड.कॉन्फमध्ये झोनचं नाव लिहिताना हा नियम नाही. तिथे नाव पूर्णच धरलं जातं, डॉट द्या किंवा देऊ नका. डिगही दिलेलं नाव पूर्णच मानतो. पण विंडोजवरचा एनएसलुकअप स्वतःहून शेपूट लावून बघतो, म्हणून एकाच नावाला दोन आज्ञा दोन उत्तरं देतात आणि माणूस सर्व्हरला शिव्या घालतो. एनएसलुकअप वापरायचाच असेल तर नावापुढे डॉट देऊन वापरा.

कुबरनेटीसवाल्यांना हे जास्त लागू आहे. तिथल्या पॉडमध्ये एनडॉट्स हा आकडा मुळात ५ असतो. म्हणजे पाचपेक्षा कमी डॉट असलेलं कुठलंही नाव आधी क्लस्टरची शेपटं एकेक लावून विचारलं जातं, आणि सगळीकडून नकार आल्यावर जसंच्या तसं. बाहेरच्या एका साध्या नावासाठी तीनचार फुकट हेलपाटे, तेही आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६साठी वेगवेगळे. सेटिंगमध्ये त्या नावापुढे एक डॉट टंकला की हे हेलपाटे बंद.

लातूरच्या बाईंसाठी आणि बाकीच्यांसाठीही एक काम. नेम्ड-चेकझोनला कॅपिटल डी हा पर्याय देऊन चालवा. तो झोन नुसता तपासत नाही, सगळी नावं पूर्ण करून, एका ओळीत एक रेकॉर्ड अशी फाइल पडद्यावर ओततो. ती ग्रेपमधून काढा आणि 'इंटर्नल.लॅब' शोधा. एक जरी ओळ आली तरी कुठेतरी डॉट राहिलाय. पुढच्या रविवारी रिव्हर्सची फाइल लिहून झाल्यावरही हेच करायचंय, फक्त शोधायचं वेगळं: तिथे डॉट सुटला की 'पीसी१२.लॅब.इंटर्नल'च्या मागे १.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा एवढी वरात लागते.