फ्लूमध्ये पेशी मरते कशी?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात. सोमेश्वरनगरच्या अनेकांना ती धास्ती आठवत असेल. फ्लूचा विषाणू फुफ्फुसात नेमके करतो तरी काय?

श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशीत शिरून तो तिच्या केंद्रकात स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढतो. या धांदलीत डावा पीळ असलेला आरएनए तयार होतो आणि झेडबीपी१ हे प्रथिन तो पीळ ओळखते. इथून पेशीच्या मरणाच्या दोन वाटा फुटतात. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आकसते, तिचे तुकडे भक्षक पेशी गिळतात, आजूबाजूला फारशी इजा होत नाही. नेक्रॉप्टोसिसमध्ये मात्र एमएलकेएल हे प्रथिन केंद्रकाचे आवरणच फोडते. आतला ऐवज बाहेर सांडतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात. उंदरांवरील प्रयोगांतून हे २०२० मध्ये पुढे आले.

काणी लागलेले उसाचे बेट शेतकरी उपटून नष्ट करतो, तसाच बाधित पेशी मरू देणे हा शरीराचा शहाणा उपाय आहे. पण पेशी बेसुमार मरू लागल्या की फुफ्फुसात पाणी साचते आणि श्वास कोंडतो.

काही फ्लू विषाणूंचे पीबी१-एफ२ हे प्रथिन पेशीच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे तिच्या ऊर्जाकेंद्रांवर, थेट घाला घालते. २००९ च्या विषाणूत ते अर्धवट होते.

ओसेल्टामिविर हे औषध विषाणूचा पुढचा प्रसार रोखते, मेलेल्या पेशी परत आणत नाही. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून तापासोबत धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.